पाठवलं की मागवलं

शुक्रवारी रात्री दहाला नवी मालिका येते
आणि माझ्या पडद्यावरची हिरवी रेघ
उभीच्या उभी चढते.
बुसानच्या किनाऱ्यावर, या बिनखिडक्यांच्या इमारतीत,
समुद्राखालून आलेली केबल जमिनीला पाय टेकते.
मी तिचा राखणदार. प्यो इन-सोक, रात्रपाळी.

खटला सोलमध्ये.
आमचे वकील म्हणाले : एवढं ओझं यांनीच
आमच्या रस्त्यावर लोटलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार.
त्यांचे म्हणाले : लोटलं नाही, लोकांनी मागवलं.
मागवणारा दरमहा तुमचं बिल भरतो.
एकाच पोत्याची हमाली दोनदा घेता?

चार तास.
एवढ्याशा क्रियापदावर अकरा टाय सैल झाले.
कुणी नळ आणला, कुणी टोलनाका,
एकाने तर मासळीबाजारातला बर्फ :
वितळला त्याचे पैसे कोणी द्यायचे,
कोळ्याने की गिऱ्हाइकाने?
न्यायमूर्तींनी चष्मा काढून डोळे चोळले.

मग मला विचारलं : साक्षीदार,
त्या रात्रीचा भार नेमका गेला कुठे?

मला आई दिसली.
तोंग्योंगला, दिवसभर कालवं फोडून बोटं सुजलेली,
रिमोटचं बटण अंगठ्याच्या पेराने दाबणारी.
पहिला भाग अर्धा होतो न होतो, तिची मान कलते.
पुढचा आपोआप सुरू होतो. मग त्याच्या पुढचा.
राजकन्या पळते, घोडे उधळतात, कुणीतरी विष पितं,
सगळं माझ्या हाताखालून जातं
आणि तिच्या भिंतीवर निळं निळं हलत राहतं.
बाबा गेल्यापासून तिला
खोलीत बोलणारं काहीतरी लागतं.
काय बोलतंय ते नाही कळलं तरी चालतं.

पाठवलं कोणी?
मागवलं तरी कोणी?

मी म्हणालो : तोंग्योंगकडे, बराचसा.
लेखनिकाने आकडा विचारला.
आकडा सांगितला.

निकाल लागायचाय अजून.
तडजोड चाललीय म्हणतात, बंद दाराआड.
आईच्या बिलात दोन हजार वॉन वाढलेत,
कशाचे ते छापलेलं नाही.
फोनवर म्हणाली, कालवांचा भाव पडलाय रे,
बंद करून टाकू का हे?

दहा वाजून चाळीस. रेघ अजून वरच.
म्हटलं, राहू दे.
मी भरतो.