राखीव: आहे तिथेच

दर गुरुवारी आठ वाजता
'लोखंडी हरिण'च्या मागच्या खोलीत
आम्ही बिलियर्डच्या टेबलावर मोराव्हिया अंथरतो.
हिरव्या कापडाखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या सरकवल्या
की टेकड्या तयार. निळ्या लोकरीचा ओढा.
टेबलावर बिअर ठेवायची नाही, असा नियम;
तरी दर मोहिमेत एक तळं जास्त निघतं.

मी पंच.
जन्म भूमापन खात्यात गेला,
म्हणून टेप माझी आणि शेवटचा शब्दही.
पायदळ, रांगेत: सहा इंच. स्तंभात: नऊ.
चिखलात सगळे सारखे.

झ्दिस्लावा शहरात बस चालवते.
तिचे हुसार टेबलाच्या कडेकडेने येतात,
गल्लीतून बारा मीटरची गाडी काढावी तसे,
आरशात बघत, कुणाला न खरचटता.
घोडे दिसले की बोहुमीरच्या पलटणी चौकोन करतात:
चारी बाजूंनी संगिनी, फुललेलं साळिंदर.
संगिनीवर घोडा जात नाही. घोड्याला अक्कल असते.
पण चौकोन जागचा हलत नाही,
आणि याचीच वाट बघत तिच्या सहा तोफा
डिरेक्टरीच्या काठावर बसलेल्या असतात.
दाटीत उभ्या माणसांत गोळा शिरतो
भरल्या बाजारात वळू शिरावा तसा.
चौकोन मोडावा तर घोडे, ठेवावा तर तोफा.
इकडे आड, तिकडे विहीर;
बोहुमीर चष्मा काढून पुसत बसतो.

त्याचे नेमबाज तेवढे बरे. विरळ, जोडीजोडीने,
एकाने बार भरायचा, दुसऱ्याने झाडायचा,
कुंपणाआडून तिचे गोलंदाज टिपायचे.
पण नेमबाजांनी लढाई लांबते, जिंकत नाही.

आणि टेकडीमागे त्याचे ग्रेनेडियर.
छत्तीस. उंच टोप्या, छातीवर पांढरे पट्टे,
प्रत्येकाच्या मिशा निराळ्या.
ते त्याने कुठल्या हिवाळ्यात रंगवले
हे मला ठाऊक आहे:
ब्रनोच्या इस्पितळात, खिडकीशी,
आणि कुणाच्या उशाशी, तेही.
झ्दिस्लावाला ठाऊक नाही.
तिला एवढंच कळलंय की हे छत्तीस लढत नाहीत.

हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचा.
एकोणीस वर्षांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत.
"राखीव: आहे तिथेच."
"राखीव: आहे तिथेच."
शाई बदलली, अक्षर थरथरायला लागलं, मजकूर तोच.
पूल गेला तेव्हा तोच.
मधली फळी फुटली,
खुद्द सेनापतीचा घोडा ओढ्यात पडला,
तेव्हाही.

आज साडेदहाला त्याची डावी बगल कोसळली.
फासा पडला एकवर.
आधी ढोलवाला पोरगा पळाला, मग निशाण, मग अख्खी पलटण;
धीर असाच सुटतो, कुणातरी एकापासून.
झ्दिस्लावाने चिलखती घोडेस्वार मोकळे सोडले.
टेकडीमागे तिने पाहिलंसुद्धा नाही.
तिच्या लेखी ते छत्तीस म्हणजे टेकडीच.

बोहुमीरने चिठ्ठी दिली.
मी वाचली. पुन्हा वाचली.
टेप खिशातून निघता निघेना.

बाकीच्या पलटणींचा रंग हाताळून हाताळून उडालाय,
कोपरांतून शिसं दिसतं.
हे माथ्यावर आले ते करकरीत, कालच रंगवल्यासारखे.
ट्रे त्याने घेतला नाही,
एकेकाला चिमटीत धरून आणलं.
"हे हलतात?" झ्दिस्लावा म्हणाली.
कुणी हसलं नाही.
मी टेप लावली. नऊ इंच. पोचत होते.

पहिल्याच फैरीत तीन पडले.
नियमाप्रमाणे मी ते आडवे केले,
जरा घाईने, एक कडेला आपटला.
बोहुमीरने तो उचलून दिव्याखाली धरला,
मिशीवरचा टवका अंगठ्याने चाचपला
आणि तसाच शर्टाच्या खिशात टाकला.
"पुढे," म्हणाला.

फासे झ्दिस्लावाच्या मुठीत होते.
पाळी तिचीच होती.