भाग एकतिसावा: राक्षसाची दाढ

रविवारी साडेनऊला जपान बुडायचं.
आमच्या मंगळवार पेठेत ते केबलवरून यायचं,
हिंदी बोलत, ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.
पाच रंगांचे पाच वीर, आणि पुठ्ठ्याची शहरं
जी दर आठवड्याला पडायची
आणि पुढच्या रविवारपर्यंत कुणीतरी मुकाट उभी करायचं.

धैर्यशील लाल, कारण टीव्ही त्यांचा.
तौसिफ निळा. चौगुल्यांची जुळी हिरवी-पिवळी.
गुलाबी कुणालाच नको, म्हणून तो
धैर्यशीलच्या शेंबड्या मामेभावाच्या गळ्यात.
मी राक्षस.
कारण फौंड्रीतला कातडी हातमोजा,
कोपरापर्यंत येणारा, करपलेल्या वाळूच्या वासाचा,
फक्त माझ्या घरी होता.

पण अधूनमधून असा एक भाग यायचा
ज्यात जग बुडायचं नावच घ्यायचं नाही.
हिरव्याला उचकी लागायची आणि रूपच पालटता यायचं नाही.
महाकाय यंत्रमानव चुकीच्या जागी उभा राहिला म्हणून
दंडाची पावती फाडून घ्यायचा.
काळोखाचा सेनापती कुणाच्यातरी लग्नात शिरायचा
आणि वाढणाऱ्याला नको म्हणता येत नाही, म्हणून हरायचा.
धैर्यशील चिडायचा, "फुकट गेला लगा आजचा रविवार."
तौसिफ म्हणायचा, "पैसे संपले असतील त्यांचे.
पुठ्ठा महागला असंल."

एकतिसाव्या भागात राक्षसाची दाढ दुखली.
एरवी तीन मजली, अर्धं बंदर गिळलेला तो,
गालाला पंचा बांधून
दवाखान्याच्या बाकावर बसला,
हातात सत्तावीस नंबरचा बिल्ला.
पाचही वीर शस्त्रं उपसून आत घुसले तर
काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, आधी चपला बाहेर काढा.

त्या दिवशी बाबा रात्रपाळी करून
मला हाक मारायला धैर्यशीलच्या दारात आले होते.
उद्यमनगरच्या भट्टीसमोर बारा तास,
भुवयांत काळी वाळू,
उजव्या गालात लवंग.
चार दिवस सुजलेल्या दाढेबद्दल
ते घरात कुणाला काही बोलले नव्हते.
बाबांचं हसणं म्हणजे दिवाळीचा बोनस,
येईल म्हणायचं नि वाट बघायची.

दारातच थांबले.
पडद्यावर डॉक्टरनं पकड उचलली
आणि त्या अक्राळविक्राळ जिवानं
लाल वीराचा हात घट्ट धरला, म्हणाला,
"जरा हळू हां, साहेब."

बाबा हसले.
आधी नाकातून, मग गाल धरून,
मग "आई गं", मग हसणं, पुन्हा "आई गं",
चौकटीला टेकून, डोळ्यांतून पाणी,
काळ्या गालांवर दोन स्वच्छ पट्टे.
धैर्यशीलची आई तांब्या घेऊन धावली,
तिला वाटलं, काहीतरी झालं.

शेवटचा भाग आम्ही पाहिलाच नाही.
सेनापतीनं सूर्य विझवायला हात वर केला
आणि भारनियमन. सगळी पेठ गप्प.
अंधारात तौसिफ म्हणाला, "विझवला बघ."
दुपारी दोनला लाईट आली तेव्हा
त्या जागी कुकरची जाहिरात चालू होती.
पुढं केबलवाल्यानं ते चॅनेलच काढलं.

म्हणजे जग वाचलं का, मला अजून ठाऊक नाही.
शोधलं तर सापडेल, हल्ली काय सापडत नाही.
नाही शोधलं.

परवा शाहूपुरीत बाबांना कवळीच्या मापाला नेलं.
नंबर अकरावा.
खुर्चीत टेकता टेकता त्यांनी माझा हात धरला,
कोपराजवळ, जिथपर्यंत तो हातमोजा यायचा,
आणि डॉक्टरकडे, पोरसवदा होता बिचारा,
मान वळवून तोंड उघडलं.
मला वाटलं, आता म्हणतील.
म्हणाले, "पंखा तेवढा बारीक करा."