वीस घनमिलिमीटर

आमच्या कामाची वेळ किड्यांनी ठरवलेली.
दिवसभर ते आत कुठंतरी फुप्फुसांच्या आडोशाला पडून असतात,
रात्र चढली की रक्तात उतरतात, डासांच्या भेटीला.
म्हणून जुन्या नाशकात, तांबट आळीच्या तोंडाशी
दहा वाजता आमचं टेबल:
सुया, काचपट्ट्या, स्पिरिटचा बोळा,
आणि हनीफ, जो बोट टोचण्याआधी
हटकून विचारतो, आज जेवायला काय होतं.

"पिठलं," म्हणाले मुरलीधर तांबट, तोवर थेंब आला होता.
वीस घनमिलिमीटर. काचेवर तीन रेघा ओढल्या.
डावा पाय त्यांनी टेबलाखाली सारलेला.
चाळीस वर्षं त्याच पायानं हंडा दाबून धरला,
वरून हातोडी चालवली.
आता पायच हंड्याहून जड.

दोन औषधं पुरतात की तीन लागतात, एवढाच आमचा प्रश्न.
तिसरी गोळी कुणाला खरी, कुणाला नुसती खडूची,
ते पुण्यातल्या एका कुलूपबंद कपाटाला ठाऊक.
मला नाही. हनीफला तर नाहीच.
उंची घेतली, वजन केलं, समोर गिळायला लावल्या.
म्हटलं, ताप येईल, गरगरेल,
घाबरू नका, मरताना ते गोंधळ घालतात.
"घालू दे. भाडं न देता राहिलेला
सरळ थोडाच निघतो?"

दुसऱ्या रात्री खरंच एकशे दोन चढला.
त्यांच्या मुलीचा फोन, आणि इकडं गॅसवर माझं दूध.

वर्षानं पुन्हा तीच वेळ, तोच रंग.
मागच्या खेपेला एकेचाळीस होते,
जांभळे, वळलेले,
कुणी घाईत सह्या कराव्यात तसे.
या वेळी पांढऱ्या पेशी, धुळीचा एक कण,
माझ्याच पापणीची सावली.
शून्य लिहिताना पेन अडलं. शाई संपली होती.

"मग पाय?"
पाय असाच राहील. रोज धुवायचा, टिपून कोरडा करायचा,
बेचक्यांत मलम.
ते कुठल्याच पाकिटात नव्हतं.

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, काच बघू?
एक डोळा मिटून वाकले.
"काहीच दिसत नाही."
हो.
पेरानं त्यांनी टेबलाचा पत्रा वाजवला, कान देऊन,
गिऱ्हाईक हंडा घेताना वाजवून बघतं तसा.
"भरलेलं भांडं खोटं बोलतं, बाई.
रिकामंच वाजवून घ्यावं."

पाय उचलून, ठेवून, उचलून
ते आळीत शिरले.
हनीफनं पुढच्याचं बोट धरलं:
आज जेवायला काय?