भाड्याची जागा

भाचा जालन्याहून लॅपटॉप घेऊन आला.
तांब्याची तार सरकवून टेबलावर जागा करून दिली,
वार्निशचा डबा खाली.
म्हणाला, मामा, तीन हायेत. वेबसाइट कशावर करायची, तू सांग.

एक फुकट, पण ‘गिराम रिवाइंडिंग’च्या शेपटीला
त्यांचं नाव लटकणार.
म्हणलं, नवरदेव मी अन् फेटा दुसऱ्याचा?
दुसरं महिन्याच्या भाड्यानं, झकपक.
त्यात टायवाला माणूस पाना धरून हसतोय,
पाना उलटा.
तिसरं आपलं आपण बांधायचं,
गळलं तर पत्र्यावर आपणच चढायचं.

मी एवढंच इचारलं,
उद्या जागा सोडायची झाली
तर सामान नेता येतं का?

त्याला काय ठाऊक,
सेलूच्या मोंढ्यातलं शटर
मालकानं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मागून घेतलं.
मोटारी हातगाड्यावर आल्या.
पाटी आली नाही, भिंतीवरच रंगवलेली होती.
दोन उन्हाळे लोक जळक्या मोटारी घेऊन
त्याच दाराशी जायचे.
आत साड्यांचं दुकान.
साडीवाला गादीवरून न उठता, वैतागून
हात करायचा : तिकडं, रेल्वे फाटकाच्या पलीकडं.
त्या हातावर तगलो मी.

ह्या तिन्हीत
असा हात करणारं कोण हाय, ते बघ आधी.

भाचा बारीक अक्षरातल्या अटी वाचतोय.
वालूरहून आलेली पाच एचपीची उघडून ठेवलीय,
मी वेढे घालतोय,
बेचाळीस, त्रेचाळीस.
मधीच बोलला
तर पुन्हा एकपासून.