तपासणी

एकतीस वर्षं खडकीला काढली मी,
अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत, तपासणी खात्यात.
भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर.
टेबलावर पिवळा दिवा, हातात गेज,
काडतूस घ्यायचं, बोटांत फिरवायचं,
चरा, पोचा, डाग बघायचा,
बरं असलं तर उजवीकडे, नसलं तर लाल पेटीत.
किती झाली असतील? कोटभर?
उडवलं एकही नाही.

पण हे नायगावात सांगणार कुणाला?
अक्काच्या घरी मी म्हणजे गोळ्यांच्या गावचा माणूस.
दाजींनी चार बांधांपलीकडे तसंच सांगून ठेवलंय.

माघातली रात्र. थ्री फेज लाइट साडेअकराला आली,
गव्हाला पाणी सोडलं आणि तासाभरात
बांधाला भगदाड.
पाणी सगळं खालच्या थेउरकरांच्या रानात.
"घुशी," दाजी म्हणाले, आणि ओलं गोणपाट कोंबता कोंबता
घुशीच्या आईचा, आज्जीचा, पणजीचा उद्धार केला.
विश्वजितनं कॅम्पातून आणलेली छर्‍याची बंदूक
माझ्या हातात ठेवली.
"मामा, तुम्हीच."

नळी मोडायची, छर्रा बसवायचा, नळी मिटायची.
त्यानं दाखवलं,
मी माहीत असल्यासारखी मान हलवली.
पहिला छर्रा कुठं गेला देव जाणे.
दुसरा मोटारीच्या पाइपावर वाजला.
"अंदाज घेतायत," दाजी हळूच म्हणाले.

मग ती बांधावर आली.
मांजराएवढी. अंगाला चिखल, शेपटी ओढत.
बॅटरीच्या उजेडात थांबली, पळाली नाही,
मागच्या पायांवर बसली
आणि पुढच्या दोन हातांत, हातच म्हणतो मी,
गव्हाची ओंबी धरून फिरवू लागली.
हळू. एक फेर. थांबून दुसरा.
एक दाणा वास घेऊन टाकून दिला.

शेजारच्या टेबलावरचा ढोंबळे असाच बसायचा,
पाठीला पोक काढून, ओठ हलवत,
चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
रिटायर झाल्यावर पाच महिन्यांत गेला.

बोट दाबलं गेलं.
आवाज केवढा?
कुणी अडकित्त्यात सुपारी फोडावी, एवढा.

विश्वजितनं शिट्टी मारली.
मी चिखलात उतरलो, सवयीनं वाकून बघितलं:
कानामागे बारीक भोक, कडा स्वच्छ.
आमचा माल पेट्यांत भरून ट्रकनं जायचा,
कुठं जातो हे विचारायची रीत नव्हती.
ओंबी अजून तिच्या हातात होती.

दाजींनी पहारीनं बीळ उकरलं.
हातभर खाली एक खोली,
खोलीत ओंब्या, थरावर थर,
सगळ्यांची तोंडं एकीकडे.
असं पॅकिंग आमच्या शिकाऊ पोरांना
वर्षवर्ष जमत नसे.
मी मोजल्या. कुणी सांगितलं नव्हतं.
एकशे अठरा, आणि एक तिच्या हातातली.
अक्का चहाची किटली घेऊन आली होती,
म्हणाली, "कोंबड्यांना होतील,"
आणि पदरात गोळा करून घेऊन गेली.

भगदाड बुजलं. पाणी वाफ्यात वळलं.
आम्ही पुन्हा बांधावर बसलो.
"अजून दोन-तीन तरी असतील," म्हणत
विश्वजितनं छर्‍यांची डबी उघडून पुढं केली.
मी एक चिमटीत घेतला, उजेडात धरला.
कडेला किंचित पोचा होता. खिशात टाकला.
दुसरा घेतला, फिरवला. हाही नको.
तिसऱ्याला चरा.
"मामा, अशानं डबी संपंल की!"
"माल बघून घ्यावा लागतो बाबा," मी म्हणालो,
आणि चौथा उचलला.