कूलर काढायचा होता

कूलर काढायचा होता, बस्स, एवढंच.
एप्रिल अर्धा सरला, देवपुरातल्या गच्च्या
सकाळी दहालाच पाय टेकू देईनात,
आणि कूलर माळ्यावर, खेळण्यांच्या मागे.
एक पोतं ओढलं तर तिसरंच अंगावर आलं:
चाकं, चमचे, एका हाताचं माकड,
एकमेकांत वितळलेल्या खडूंचा एक रंग
ज्याला नाव नाही.

म्हटलं, आता खाली आलंच आहे तर आवरून टाकू.
सावद्याच्या केळीची तीन रिकामी खोकी होती.
पहिल्यावर लिहिलं ठेवायचं, दुसऱ्यावर द्यायचं,
तिसऱ्यावर काहीच लिहिलं नाही,
मुलांना वाचता येतं आता.

अन्वयचा नियम असा:
ज्याला नाव आहे ते द्यायचं नाही.
आणि तो ढिगात बसून भराभर नावं ठेवू लागला.
तुटक्या जेसीबीला गजमल,
बिनझाकणाच्या डब्याला धाकटा गजमल,
आर नसलेल्या भोवऱ्याला पाटील सर.
आजवर मला ज्यांनी ज्यांनी नावं ठेवली
त्यांनी माझी किंमत कमीच केली होती;
इथे उलटंच.

रुंजी दहाची, व्यवहारी.
तिनं पितळी चूल सरळ द्यायच्या खोक्यात टाकली,
पाणी प्यायला गेली,
येऊन काढून घेतली,
मग म्हणाली, आई, तू बघत का नाहीयेस?
मी बघत होते.

सुपडीबाई झाडू घेऊन दारात.
"हाई टाकी देवानं शे का ताई?"
हातात बाहुलीचा एक पाय.
हो म्हटलं.
"आन दुसरा सापडना ते?"
आणि पाय कमरेला खोचून ओटा धुवायला गेली.

संध्याकाळी हेमराज आला तेव्हा
कूलर माळ्यावरच,
आणि मी फरशीवर बसून लाकडी महाराष्ट्र लावतेय.
छत्तीस जिल्हे. पस्तीस लागले.
वर डावीकडे, नंदुरबार आणि जळगावच्या मध्ये, एक भोक.
तो वाकला, म्हणाला, आपणच नाही.
सोफ्याखाली बघितलं, फ्रिजमागे, चपलांच्या स्टँडात.
कपाटाच्या फटीत फुटपट्टी घातली
तर एक जुनी राखी निघाली आणि नऊ रुपये.
शेवटी नकाशा द्यायच्या खोक्यात गेला.
त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

मंगळवारी खोकं नगावबारीच्या अंगणवाडीत पोचलं.

बुधवारी कूलर उतरला.
जुनं गवत काढलं, टाकीतला क्षार खरवडला,
टाकी उलटी केली,
आणि टप्प करून पडला धुळे जिल्हा,
फुगलेला, विटलेला, कडेनं पांढरा थर.
अख्खा उन्हाळा पाण्यात काढलेला
हा एकटाच धुळे जिल्हा.

तशीच निघाले, पर्समध्ये टाकून.
अंगणवाडीत खिचडी निवत होती,
नकाशाभोवती सात-आठ पोरं.
चमकी घातलेली एक मुलगी
भोकात बोट घालून दुसरीला सांगत होती,
"आपन आठे ऱ्हातस."
दुसरीनं बोट घातलं. मग एका पोरानं.
खालची फरशी लागत असणार बोटांना,
गार.

पर्सची चेन अर्धी उघडली होती मी.
फुगलाय, म्हटलं, बसणारही नाही आता.
बाईंनी चहाचं विचारलं. नको म्हणाले.

आता तो दाराजवळच्या वाटीत असतो, किल्ल्यांबरोबर.
हा कुठल्या खोक्यातला, हेमराज विचारतो.
कूलर चालू आहे, नव्या गवताचा वास घरभर,
पाटील सर टीव्हीखाली आडवे.
धुळे जिल्ह्यालाही अन्वयनं नाव ठेवलंय म्हणे.
काय, ते सांगत नाही.