वायसर

बेथेस्डात छपरं पाटीच्या दगडाची,
कुंपणं पाटीच्या दगडाची,
थडग्यांवरची नावंही पाटीवरच;
फक्त ती पुसता येत नाहीत.

गावाबाहेरच्या मेंढवाड्यात ती सापडली.
चाकांना लेंड्या, टाकीत उंदरांचं बिऱ्हाड,
कारखान्याचं नाव केव्हाच उडालेलं.
इंजिनावरचा आकडा चाचपत इथेल म्हणाला, एकोणीसशे अकरा.
मी म्हणाले, म्हणजे तुझ्या वडलांच्याही आधीची.
म्हणाला, आणि त्यांच्याइतकीच हटवादी.

पिस्टन जाम.
ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत डिझेल ओतत राहिलो.
रोज संध्याकाळी लाकडी ठोकळा ठेवून एक ठोका. एकच.
जास्त मारलंस तर रुसेल, इथेल बजावायचा,
आणि मी हातोडी उचलली की स्वतःच रुसायचा.
बारा जानेवारीला पिस्टन केसभर हलला.
त्या रात्री बटाटे करपले.

चामड्याचा पट्टा मी शिवला,
जिनगर कुठून आणणार, बोटांना टोचून घेत मीच.
मॅग्नेटोची गुंडाळी लिव्हरपूलहून भरून आली.
बारके स्क्रू केकच्या साच्यात मांडलेले,
म्हणून त्या वर्षी केक झाला नाही.

तेलपंपाच्या तळातून एक वायसर निघाला, काळाकुट्ट.
घासला, तर खालून राजाची दाढी.
एक पेनी.
हातोडीने चपटी केलेली, मधोमध वेडंवाकडं भोक;
कडेला एक आणि नऊ एवढंच उरलेलं,
पुढचं साल ठोक्यांखाली गेलेलं.

कोण असेल?
टपालवाला? खाणीतला कारकून?
की एखादी दाई, जिला पहाटेच्या आत दरीपलीकडे पोचायचं होतं
आणि दुकानाला कुलूप होतं?
तेव्हा पेनीला निदान अर्धा पाव येत असेल.
कुणीतरी पाव ठोकून वायसर केला.

इथेलने नवा वायसर कापून ठेवला होता,
चकचकीत तांब्याचा, बरोब्बर मापाचा.
तो त्याने पुन्हा डबीत टाकला.
डबीचं झाकण मात्र उगाच दोनदा लावलं.

मे महिन्यात बाहेर काढली.
क्लच नाही, गिअर नाही;
पळत ढकलायची, खटका सोडायचा, आणि उडी.
एकाहत्तराव्या वर्षी उडी!
पहिल्या खेपेला ती मी मारली, तिने नाही.
दुसऱ्या खेपेला फट्.
मग इतकी लांब शांतता
की मेंढीने चघळणं थांबवलं.
मग फट्, फट्, आणि कुंपण मागे सरकायला लागलं.

चढावर पट्टा घसरायला लागला,
मी पायडल हाणत, पोटऱ्यांत गोळे,
मागून व्हॅनच्या खिडकीतून इथेल ओरडतोय,
तेल! अगं, तेल दे!
हात लांबवून पंप दाबला.
दांडा आधी अडला, मग मऊ झाला,
आणि तेल खाली उतरलं
त्या अर्ध्या पावातून.

थोडं गळतं.
उजव्या बुटावर.
गळू दे.